कोरे रकाने

मी कॉम्प्युटर शिकले तेव्हा कॉम्प्युटर माझ्यापासून साडेतीनशे किलोमीटर लांब होता. मी रत्नागिरीत, तो मुंबईत, मध्ये एसटी. पहिली दोन वर्षं तर मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. हे आता कोणाला सांगितलं की हसतात, आणि मला समजावत बसायचा कंटाळा येतो.

कंटाळा हल्ली सगळ्याचाच येतो म्हणा. निवृत्त झाले, मुंबई सोडली, रत्नागिरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वाटलं, आता निवांत बसू. कसलं काय! इमारतीत बातमी फुटली की या बाई कॉम्प्युटरवाल्या, तेव्हापासून दाराशी रांग. कुणी पासवर्ड विसरलंय, कुणाचं आधार लिंक होत नाही. परवा एक म्हातारी आली, पेन्शनसाठी हयातीचा दाखला पाठवायचा होता. जन्मभर मासळी कापून तिच्या बोटांच्या रेषाच गेलेल्या. मशीन तिचा अंगठा घेईना. दोन तास खटपट केली आणि मी हात टेकले. तर तीच मला समजावते, "जाऊ दे गो बाय. मशीन सांगतंय म्हंजे त्याचंच बरोबर असंल."

मी तिच्यावर ओरडलेच. "काही बरोबर नसतं मशीनचं!" बिचारी घाबरली. तिला चहा करून दिला, पण ती गेल्यावर मला काही सुचेना. हेच बोलणं मी पूर्वी माझ्या घरात ऐकलंय, आणि तेव्हा गप्प बसलेय. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायचंही जिवावर आलंय, पण असो.

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीनं दोन तासांवर, खाडीच्या तोंडाशी. वीस-पंचवीस होड्यांचं बंदर. बंदर आपलं म्हणायचं, धक्का नव्हताच. होडी आली की बायका कमरेभर पाण्यात शिरून टोपल्या डोक्यावर घ्यायच्या. होडी वर ओढायची तर वीस माणसं लाटांत उभी. दर वर्षी कोणाचा तरी पाय, कोणाची तरी बरगडी मोडायचीच. बायका गरोदर असल्या तरी पाण्यात उतरायच्या. माझी आई माझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत उतरत होती.

बाप माझा तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्यांतला मुख्य. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, मीही करणार नाही. पावसाळा संपल्यावर होड्या पाण्यात कधी सोडायच्या ते ग्रामदेवीला कौल लावून ठरायचं, आणि कौल लावायचा मान आमच्या घराचा. देवीच्या अंगावर फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नाही म्हणजे नाही. मग शेजारच्या बंदराच्या होड्या भरभरून येत असल्या तरी आमच्या वाळूवर पालथ्या.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, धक्का. "येवढा धक्का झाला ना गो, मंग मी मेलो तरी चालंल," असं तो जेवताना, जाळं विणताना, कधीही म्हणायचा. आई म्हणायची, "मेल्यावर तुला काय करायचाय धक्का? जित्या माणसांसाठी माग."

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहात राहून शिकत होते. कमवा आणि शिका योजनेत मला बागेला पाणी घालायचं काम मिळालं होतं. महिनाभर जास्वंदी भिजवल्या. मग संख्याशास्त्राच्या सरांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "हिला झारी कोणी दिली? हिचे आकडे छापल्यासारखे आहेत." झारी सुटली आणि माझ्या हातात पेन्सिल आली.

काम असं होतं. सरकारच्या एका खात्याला किनाऱ्यावरच्या नऊ बंदरांपैकी दोन ठिकाणी धक्के बांधायचे होते. कुठली दोन, ते मासळीवरून ठरणार. होडी ज्या दिवशी समुद्रात गेली त्या दिवसाला सरासरी किती मासळी, हे गणित प्रत्येक बंदराचं काढायचं आणि तेही कॉम्प्युटरवर, म्हणजे कोणी वशिल्याचा आरोप करायला नको. सरांनी ते काम घेतलं होतं. बंदराबंदरावरच्या माणसांनी वर्षभर वह्यांत नोंदी केल्या होत्या. त्या नोंदी ऐंशी रकान्यांच्या मोठ्या तक्त्यांवर मी उतरवायच्या, एका होडीच्या एका दिवसाला एक ओळ. तक्ते प्लॅस्टिकात गुंडाळून, सुतळीनं बांधून दुपारच्या मुंबई गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. तिकडे मुली त्यावरून कार्डांना भोकं पाडणार, कार्डं यंत्रात जाणार आणि दहा-बारा दिवसांनी हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर छापलेलं उत्तर एसटीनं परत येणार.

नऊ बंदरांत आमचं एक होतं, हे मी सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम काढून घेतलं असतं, अशी भीती. बापाला मात्र लगेच सांगितलं. मग काय, वाडीभर झालं. "आमची पोर मशीनला शिकवते," म्हणत फिरायचा. गावी गेले की पोरं चिडवायची, "काय गो, मशीनवाले, मशीन कोलंबी खातं का?"

तक्ते भरता भरता मला त्या यंत्राची ओढच लागली. त्याला ही ओळ कळते तरी कशी, हे सरांना विचारून विचारून मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्सचं बाड माझ्यापुढे टाकलं, फोर्ट्रान नावाच्या यंत्राच्या भाषेच्या. आणि यंत्र नसताना शिकवायची त्यांची एक पद्धत होती. टेबलावर रिकाम्या काड्यापेट्या मांडायच्या. प्रत्येकीवर एक नाव. प्रोग्रॅमची एक-एक ओळ मोठ्यानं वाचायची आणि ओळ सांगेल तसं पेटीतल्या चिठ्ठीवरचा आकडा बदलायचा. "आता तूच यंत्र," सर म्हणायचे. "स्वतःची अक्कल चालवायची नाही. सांगितलं तेवढंच करायचं. काय यंत्रबाई, जमेल?"

जमलं. इतकं जमलं की सर चुकले की मी सांगायला लागले. एकदा त्यांनीच एक स्वल्पविराम सोडला होता. मी म्हटलं, "सर, हे परत येणार." त्यांनी ऐकलं नाही. बारा दिवसांनी मुंबईहून एका ओळीचा कागद आला, चूक आहे म्हणून. सर हसले आणि आपली आरामखुर्ची मला बसायला दिली. त्या दुपारी मी फार खूश होते. तेवढं खूश पुढे नोकरीत कधी झाले नाही, खोटं कशाला बोलू.

नोंदवह्यांत दोन खुणा असायच्या. होडी गेली आणि रिकामी आली तर शून्य. होडी गेलीच नाही तर आडवी रेघ. गेलेली रिकामी होडी आणि न गेलेली होडी यांत काय फरक असतो, ते मला कोणी शिकवायला नको होतं. तक्त्यावर शून्याच्या जागी मी शून्य लिहिलं आणि रेघेच्या जागी रकाने कोरे सोडले. काड्यापेटीत चिठ्ठी नसेल तर पेटी रिकामी आणि चिठ्ठीवर शून्य असेल तर शून्य, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मी कोणाला विचारलंही नाही.

त्या वर्षी आमच्या बंदराच्या वहीत रेघा फार होत्या. नारळी पौर्णिमा झाली तरी देवीनं कौल दिला नव्हता. बाप रोज कळ्या लावायचा आणि कळी रोज डावीकडे पडायची. सलग वीस दिवस. आजूबाजूची बंदरं कोलंबीनं भरली होती आणि आमच्याकडची माणसं दात-ओठ खात वाळूवर बसली होती. एकविसाव्या दिवशी उजवी पडली आणि मग आमच्या होड्यांनी इतकी मासळी आणली की टोपल्या पुरेनात. ते सगळं वहीत होतं. मी स्वतः उतरवलं होतं.

शेवटचं उत्तर आलं तेव्हा सरांनी मला कागद उलगडायला दिला. नऊ नावं, सरासरीच्या क्रमानं. आमचं नाव नवव्या जागी. मी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. म्हटलं, शक्यच नाही! वसतिगृहात जाऊन माझ्याकडे ठेवलेल्या तक्त्यांच्या कार्बन प्रती बाहेर काढल्या आणि हातानं गणित करायला बसले. दोन दिवस कॉलेज बुडवलं. हातानं केलं तर आमचं बंदर दुसरं येत होतं. मग न गेलेले दिवसही गेले म्हणून धरले आणि त्या दिवशीची मासळी शून्य मांडली, तर यंत्राचं उत्तर दशांशापर्यंत जुळलं.

नोट्समध्ये शोधलं. बाविसाव्या पानावर खाली एका ओळीत लिहिलेलं होतं की आकड्यांच्या जागी कोरा रकाना आला तर यंत्र तो शून्य वाचतं. ते पान मी दहा वेळा वाचलं असेल, पण ही ओळ काही डोक्यात शिरली नव्हती. यंत्राच्या लेखी वीस दिवस आमच्या होड्या रोज समुद्रात गेल्या होत्या आणि रोज हात हलवत परत आल्या होत्या. इतर बंदरांच्याही थोड्या रेघा होत्या, पण थोड्या. नवांच्याही सरासऱ्या एकमेकींना चिकटून होत्या, म्हणून नडल्या आमच्याच.

मी सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. आमचं गाव त्यात आहे, हेही तेव्हाच सांगितलं. त्यांना दम्याचा त्रास होता, त्या दिवशी जास्तच होता.

"गाव आहे हे आधी सांगायचंस," ते म्हणाले. "आता मी दुरुस्ती पाठवली तर काय म्हणतील? मुलीनं आपल्या गावासाठी आकडे फिरवले म्हणतील."

"पण सर, चूक आहे ती."

"आहे. माझीही आहे, मी तपासायला हवं होतं. पण सगळी कार्डं पुन्हा करायची म्हणजे महिना जाईल आणि अहवाल सोमवारी द्यायचाय." मग खोकत खोकत त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. मुंबईच्या त्या केंद्रात एका विद्यार्थ्याला सहा महिने शिकायला घेणार होते. यंत्रावर, प्रत्यक्ष. सरांनी माझं नाव कळवलं होतं. "हे बाहेर पडलं तर तुझी जागा जाईल, एवढं नक्की. मी जबरदस्ती करत नाही. तू म्हणशील तसं लिहितो. बघ तूच."

सरांना मी दोष देत नाही. निवड त्यांनी माझ्यावर सोडली होती. मी खाली बघून म्हटलं, "राहू दे सर." इतकंच. हे मी म्हटलं. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही.

आणि तरी तिथे सगळं संपलं नव्हतं. अजून एक संधी आली होती, तीही मी घालवली.

यादी जाहीर झाल्यावर वाडी खवळली. "नवव्या नंबरावर आपण? डोळे फुटले का मेल्यांचे?" आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळे जमले. शाळेच्या गुरुजींनी हरकतीचा अर्ज लिहायची तयारी केली. महिनाभराची मुदत होती, अर्ज गेला असता तर वह्या पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या आणि चूक अर्ध्या तासात उजेडात आली असती. मी नेमकी सुट्टीला घरी होते. बापानं मला आतून बोलावलं.

"तू व्हतीस ना गो तिथं?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. "तू लिवलंस ना मशीनला? बरोबर लिवलंस ना?"

पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती. गुरुजींचा कागद मांडीवर, पेन उघडलेलं. मला मुंबईचं पत्र आलेलं होतं, ते माझ्या पिशवीत होतं.

"हो," मी म्हटलं. "बरोबर लिहिलं."

"मंग झालं तर," बाप म्हणाला. "मशीनला काय आपला-परका असतो? सांगतंय म्हंजे त्याचंच बरोबर असंल. आणि माझी पोर चुकली असती तर पयल्यांदा तिनंच सांगितलं असतं." गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. माणसं कुरकुरत उठली. आईनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि मी पेले विसळत बसले.

मुंबईला गेले. यंत्र पाहिलं. थंडगार खोली, चपला बाहेर, आत लोखंडी कपाटं आणि त्यांची घरघर. ज्याच्यासाठी एवढं केलं ते हेच का, असं वाटलं आणि रडू आलं. बरोबरच्या मुलींना वाटलं, घरची आठवण येतेय. सहा महिन्यांनी तिथेच नोकरी लागली, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. कार्डं गेली, टेपा आल्या, त्याही गेल्या. छत्तीस वर्षं मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी तेच एक सांगत आले, की माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे. मुलं ते वहीत लिहून घ्यायची. मॅडम फार शिस्तीच्या, असं म्हणायची. शिस्त कसली, कर्म माझं.

गावाचं म्हणाल तर धक्का शेजारच्या बंदराला झाला, बर्फाचा कारखाना झाला, मोठ्या ट्रॉलर आल्या. आमच्या वाडीची माणसं एक-एक करत तिकडे कामाला गेली, काही मुंबईला गेली. आई पन्नाशीपर्यंत पाण्यात उतरत होती. तिची कंबर त्यातच गेली आणि ती शेवटी वाकूनच चालायची. दर सुट्टीला मी ठरवून जायची, या वेळी सांगायचं. आणि दर वेळी औषधं, फळं, साड्या देऊन परत यायची. माझी हिंमतच व्हायची नाही. मी भित्री आहे, दुसरं काय.

सांगितलं ते निवृत्त झाल्यावर. आई गेलेली होती. बाप ऐंशीच्या पुढे, खाटेला लागलेला. दुपारी मी त्याला पेज भरवत होते आणि तो आपणहूनच बोलायला लागला. म्हणाला, "वीस दिस मी होड्या बांधून ठेवल्या ना गो, म्हणून आपला धक्का गेला. तोंडावर कोणी बोललं नाय, पण सगळ्यांना ठावूक हाय."

एवढी वर्षं तो हे धरून बसला होता, आणि मला वाटत होतं की या घरात ओझं मी एकटीच वाहतेय! मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. कोरे रकाने, शून्य, हातानं केलेलं गणित, दुसरा नंबर, सर, मुंबई. त्याला समजेल अशा भाषेत, एकही गोष्ट न लपवता. होड्या न गेलेले दिवस धरायचेच नव्हते. त्याच्या कौलाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

तो ऐकत होता. मध्ये एकदाच त्यानं विचारलं, "खळ्यात विचारलं मी, तवा तुला ठावूक व्हतं?"

"हो."

मला वाटलं, चिडेल. चिडायला हवं होतं, मी त्याचीच वाट बघत होते. तो छताकडे बघत अगदी हळू म्हणाला, "तवाच सांगायचंस गो. आमचा कौल खोटा पडला असं समजून मी त्या सालापासून देवीच्या पायरीवर चढलो नाय. कौलाचा मान भावकीत देऊन टाकला. तुझी आय विचारायची, मी गुडघ्याचं निमित्त सांगायचो. चाळीस वरसां मी देवीशी बोललो नाय."

मी म्हटलं, "बाबा, उद्या गाडी बोलावते. आपण जाऊ. दोघं जाऊ."

"आता कुठं," तो म्हणाला. "आता खरंच पाय नाय राह्यले."